सायलेन्सर आणि शेजार

आमच्या वडगावात काय किंवा कोल्हापुरात काय, कॉलेजात जाणाऱ्या कुठल्याही पोराला ‘इंदोरी’ म्हणजे काय ते विचारा. तो शहराचं नाव सांगणार नाही, सायलेन्सरचं सांगेल. कंपनीचा मूळ सायलेन्सर काढायचा, बाजारात मिळणारी ही नळी बसवायची, की सव्वाशे सीसीची गाडीसुद्धा बुलेटसारखी गरजायला लागते. ॲक्सिलेटर सोडला की फटाके फुटल्यासारखे बार निघतात, म्हणून तिला ‘फटाका सायलेन्सर’ असंही म्हणतात. सायलेन्सर म्हणजे शांत करणारा. आवाज वाढवायला बसवलेल्या वस्तूलाही आपण तेच नाव ठेवलं, याची माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला गंमत वाटते.

मूळ सायलेन्सरच्या आत काय असतं ते बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. बाहेरून ती एक साधी नळकांडी. आत मात्र पत्र्याचे पडदे घालून दोन-तीन खोल्या केलेल्या असतात आणि भोकं पाडलेल्या नळ्या एका खोलीतून दुसरीत जातात. फोर स्ट्रोक इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना एकदा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि तापलेला वायू दाबानं बाहेर पडतो. मिनिटाला सहा हजार फेरे धरले, तर सेकंदाला पन्नास धक्के. हे धक्के त्या खोल्यांमधून फिरताना आपटतात, उलटे परततात, एकमेकांना खातात आणि शेवटी बाहेर येईपर्यंत त्यांचा जोर ओसरतो. फटाका सायलेन्सरात या खोल्या नसतात. आतला धक्का जसाच्या तसा गल्लीत येतो.

याबद्दल कायदा आहे आणि तो स्पष्ट आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीच्या आवाजाला मर्यादा घातलेली आहे. ८० ते १७५ सीसीच्या गाडीला कारखान्यातून बाहेर पडताना ७७ डेसिबलच्या आत राहावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचे आणि प्रदूषणाचे नियम मोडणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर अंथरून त्यांच्यावर रोलर फिरवल्याचे फोटो राज्यातल्या अनेक शहरांतून आपण पाहिले आहेत. पोरंही ते फोटो बघतात, एकमेकांना पाठवतात आणि हसतात. रोलरच्या भीतीनं सायलेन्सर बदलणारा पोरगा मला अजून भेटलेला नाही.

डेसिबल हा शब्द आपल्या समाजात आता सगळ्यांना पाठ आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रात मशिदींवरच्या भोंग्यांचा वाद पेटला, तेव्हा विश्वस्तांपासून चहाच्या टपरीपर्यंत प्रत्येकानं आकडे शिकून घेतले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतले आकडे. समोरच्या मंडळाच्या डीजेकडं बोट दाखवायला आम्ही ते वापरले, आमच्या भोंग्याकडं बोट दाखवायला समोरच्यांनी वापरले. आकडे दोघांचेही बरोबर होते. पण रात्री साडेअकराला गल्लीतून फटाके फोडत जाणारी गाडी कुणाच्याच यादीत नव्हती, कारण ती दोन्हीकडच्या पोरांकडं होती.

अशीच एक गाडी आमच्या दारात उभी राहिली. माझ्या बहिणीचा मुलगा शिकायला आमच्याकडं राहतो. वय एकोणीस. गाडी जुनी, सव्वाशे सीसीची, कार्बोरेटरवाली. दिवाळीनंतर एका दिवशी ती गर्जना करत घरी आली. मी दोनदा बोललो. तो हसून म्हणाला, “मामू, आवाज नै तो गाडी कायकू?”

हे वाक्य मी नुसतं उडवून लावू शकलो नाही. शाळेत रोज अशी पोरं बघतो. वर्गात ज्याच्याकडं कुणी बघत नाही, घरी ज्याला कुणी विचारत नाही, मुलाखतीला गेल्यावर आडनाव ऐकून ज्याचा अर्ज खाली सरकतो, असा पोरगा रस्त्यावरनं जाताना चार माणसांनी मान वळवून बघावं असं त्याला वाटतं. ती मान रागानं वळली काय किंवा कौतुकानं, त्याला फरक पडत नाही. बाजारात ही किंमत दीड-दोन हजारांत मिळते, म्हणून ती नळी खपते. सूरह लुकमानमध्ये बापानं मुलाला दिलेल्या सल्ल्यात चाल आणि आवाज या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी येतात. मोटरसायकल ही वस्तू नेमकी याच दोन गोष्टींची आहे, हे भाच्याला सांगितलं. त्यानं मान हलवली. सायलेन्सर तसाच राहिला.

मग एक दिवस भिंतीपलीकडच्या काकूंनी अम्मीला विचारलं, “पोरगं परीक्षा झाल्यावर गावाला जाणार, का इथंच ऱ्हाणार?” अम्मी आणि काकू चाळीस वर्षांच्या शेजारणी. अम्मीला प्रश्न कळला. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, “पलीकडच्या भाऊंची अँजिओप्लास्टी झालीय, माहीत आहे ना?”

मी काकांकडं गेलो. हे काका म्हणजे लहानपणी आमचा चेंडू त्यांच्या कौलावर गेला की कान पिरगळणारे. कान पिरगळताना त्यांनी कधी कुणाचं नाव बघितलं नाही. मी म्हटलं, “काका, सांगायचं की.” ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तुला सांगायला मला काय भ्या हाय व्हय? पण दिवस आता तसलं न्हाईत. मी तुझ्या भाच्याला बोलायचो, आन् गल्लीतलं एखादं पोरगं त्याचं मोबाइलवर भलतंच करायचं. तुला तरास, मला तरास. त्यापरीस कानात कापूस घातल्याला बरा.”

काकांना जे दिसत होतं ते खोटं नव्हतं. जून २०२३ मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं. तेव्हापासून आमच्याकडं साध्या गोष्टी बोलतानाही माणसं आधी आजूबाजूला बघतात. माझ्या घरातल्या आवाजाचा त्रास होणारा माणूस मला तो सांगायला कचरतो, आणि त्याचं कारण माझी भीती नसून आम्हा दोघांबद्दल तिसरा काय बोलेल ही भीती आहे. शीरखुर्मा तिकडं आणि करंज्या इकडं, यावर आपण पुष्कळ लिहितो. ईदला वाटी नेऊन देणं सोपं असतं. शेजार शाबूत आहे की नाही, हे शेजाऱ्याला आपल्या दारात येऊन तक्रार करता येते का यावरून कळतं. काकांनी तक्रार करणं सोडलं होतं.

घरी आल्यावर मी भाच्यावर आवाज चढवला नाही. काका जे बोलले ते त्याला शब्दाला शब्द सांगितलं. कानातल्या कापसाचं ऐकून तो खाली बघायला लागला. कारण हेच काका त्याला रोज सकाळी वर्तमानपत्राची पुरवणी वाचायला देतात. थोड्या वेळानं म्हणाला, “मूळचा सायलेन्सर माळ्यावर आहे. रविवारी गॅरेजला नेतो.” मी म्हटलं, “गॅरेज नको. आपणच बसवू. तूच बसवायचा.”

माझे अब्बा शिरोली एमआयडीसीत फिटर होते. त्यांची पत्र्याची पेटी अजून आमच्याकडं आहे. त्यांना आजूबाजूचे मिस्त्री म्हणायचे. हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, त्यांच्या ‘मेस्त्र’ म्हणजे उस्तादावरून. फारसीतून आलेला ‘पेच’ तर त्याहून गमतीचा. त्याचा मूळ अर्थ पीळ, वळसा. उर्दूत स्क्रूला पेच म्हणतात, मराठीत अडचणीत सापडलेल्या माणसाला पेच पडतो, पतंगांचे पेच लागतात आणि आमच्या कोल्हापूरच्या तालमीत डावपेच शिकवतात. नट फिरवणं आणि माणसाला चीत करणं, दोन्हीला एकच शब्द. अब्बा दोन्हींतला एकच नियम सांगायचे, “पहले हात, फिर पाना.”

शनिवारी रात्रीच आम्ही सिलिंडर हेडजवळच्या दोन्ही नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला. घाई इथं महागात पडते. सायलेन्सरचा पुढचा वाकडा पाईप हेडला दोन स्टडनी धरलेला असतो. स्टड लोखंडी, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, थंड झालं की आक्रसतं. वर्षानुवर्षं हे चालून नट गंजानं जाम होतात. जोर लावून पिळला की स्टड आतच तुटतो किंवा हेडातले आटे निघून येतात. मग ड्रिल मारून नवे आटे पाडायला उद्यमनगर गाठावं लागतं आणि पन्नास रुपयांचं काम हजारांत जातं.

रविवारी सकाळी इंजिन पूर्ण थंड होतं. गाडी अंगणात काढली. सोप्यात किंवा बंद पडवीत इंजिन चालू करून असली कामं कधीच करू नयेत. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. माणसाला डोकं दुखण्यापलीकडं काही कळतही नाही.

भाच्यानं १० नंबरचा पाना घेतला. दोन्ही नट आळीपाळीनं अर्धा-अर्धा फेरा सैल केले. मागच्या पायटाजवळचा बोल्ट सर्वांत शेवटी काढला, तोही एका हातानं नळीला खालून आधार देऊन. मागचा आधी काढला तर नळीचं सगळं वजन पुढच्या दोन स्टडवर येतं आणि ते वाकतात. इंदोरी खाली आला. हलका होता. आत काही नव्हतंच.

पाईप आणि हेड यांच्यामध्ये एक रिंग असते. मिस्त्री तिला पॅकिंग म्हणतात. तांब्याचा किंवा मऊ धातूचा पातळ थर असलेली, आत दबणारी वस्तू. ज्यानं इंदोरी बसवला होता त्यानं जुनीच रिंग पुन्हा घातली होती. भाच्यानं ती पेचकसच्या टोकानं अलगद उचकटून काढली आणि हातावर घेतली. एका बाजूला ती कागदासारखी चपटी झाली होती. दुसऱ्या बाजूला तशीच जाड राहिली होती आणि तिथं काजळीचा काळा पट्टा होता. वायू तिथून निसटत होता.

“हे असं का?” मी विचारलं.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यालाच कळलं. बसवणाऱ्यानं एक नट पूर्ण आवळला आणि मग दुसऱ्याकडं वळला. पहिल्या बाजूला पाईप तिरका बसला. नंतर दुसरा नट कितीही पिळला तरी ती बाजू खाली आली नाही. घट्ट होता तो सांधा, भलताच घट्ट होता. आणि तरी गळत होता. फटाक्यांचा निम्मा आवाजही इथलाच. ॲक्सिलेटर सोडला की या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, न जळलेलं पेट्रोल नळीत पेटतं आणि बार निघतो.

पुढचं काम सावकाश झालं. हेडच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून भाच्यानं कडेवरचा कार्बन पितळी ब्रशनं हळू घासला, म्हणजे कण आत व्हॉल्व्हवर पडू नयेत. फडकं आठवणीनं बाहेर काढलं. माळ्यावरचा सायलेन्सर गोणपाटातून काढून पुसला, उलटा करून ठोकला, आत झुरळं किंवा कुंभारमाशीचं घर नाही ना ते बघितलं. स्टडच्या आट्यांवरून वायर ब्रश फिरवला. नवी रिंग तीस रुपयांची. तिला बोटानं थोडं ग्रीस लावून तोंडात बसवली, म्हणजे पाईप लावताना ती पडत नाही.

मग सगळं हातानं. आधी मागचा बोल्ट सैलच अडकवला, म्हणजे नळी टांगली गेली. पुढचा पाईप रिंगवर सरळ टेकवला. दोन्ही नट बोटांनी फिरवले, जिथवर जातील तिथवर. बोटांनी नट फिरत नसेल तर आटे तिरके लागलेत, तिथं पाना लावायचा नाही. फ्लँज आणि हेड यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते बघितलं. मागचं भोक जुळलं नसतं तर पुढचं सैल करून पुन्हा जुळवलं असतं. बोल्टनं नळी ओढून आणायची नाही. ओढून बसवलेली नळी त्या ताणानं सहा महिन्यांत वेल्डिंगजवळ तडकते.

यानंतर पाना. डावा पाव फेरा, उजवा पाव फेरा. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. दोन-तीन वेळा असं झाल्यावर रिंग दबताना हाताला कळते. पाना आधी मऊ जातो, मग हळूच घट्ट लागतो. भाच्याचा दंड फुगला तसं मी त्याचा हात धरला. गाडीच्या पुस्तकात असेल तोच आकडा खरा, पण ६ मिलिमीटरच्या नटाला साधारण १० न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचं वजन टांगल्याइतका. एकोणीस वर्षांचा पोरगा सहज त्याच्या तिप्पट लावतो आणि आटे घालवतो. शेवटी मागचा बोल्ट, वायसर आणि रबरी बुशसह, पक्का आवळला.

२०२० नंतरची बीएस सिक्स गाडी असेल तर आणखी एक काळजी. तिच्या पाईपला ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याची वायर आधी सोडवायची, तिला पीळ बसू द्यायचा नाही. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही मूळ नळीतच असतो. इंदोरी लावणारा आवाजाबरोबर तेही काढून टाकतो.

गाडी सुरू केली. भाच्यानं जाड फडक्याची घडी क्षणभर मागच्या तोंडावर धरली. फट असेल तर अशा वेळी पुढं फुसफुस ऐकू येते. काही आलं नाही. सांध्याजवळ, हात न लावता, तळवा धरून बघितला. गरम झोत नव्हता. त्यानं ॲक्सिलेटर दिला, सोडला. फटाका नाही.

“गाडी मेली, मामू,” तो म्हणाला. वाठार फाट्यापर्यंत जाऊन परत आल्यावर मात्र वेगळं सांगितलं. खालच्या गियरला गाडी आता नीट ओढत होती. कार्बोरेटर मूळ नळीच्या हिशेबानं लावलेला असतो, नळी बदलली की तो हिशेब बिघडतो. गाडी थंड झाल्यावर दोन्ही नट पुन्हा तपासले. डावा किंचित फिरला. पहिल्या तापण्यात नवी रिंग आणखी थोडी बसते, म्हणून हे दुसऱ्यांदा बघणं सोडायचं नसतं.

इंदोरीचं काय करायचं हा प्रश्न होता. भाचा म्हणाला, मित्राला अर्ध्या किमतीत विकतो. मी म्हटलं, तो मित्र ज्या गल्लीत राहतो तिथंही कुणीतरी काका असतीलच. त्यानं थोडा विचार केला आणि स्वतःच हॅकसॉनं त्याचे दोन तुकडे करून भंगारात घातले. भंगारवाल्यानं चाळीस रुपये दिले. नवी रिंग फुकट पडली, वर दहा रुपये उरले.

काकांना आम्ही काहीच सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. दोन-तीन रात्री गेल्या. भाचा साडेदहाला आला तेव्हा काकूंच्या घरात टीव्ही चालू होता आणि तो बंद करून कुणी खिडकी लावली नाही, एवढं अम्मीच्या लक्षात आलं.

पुढच्या आठवड्यात सकाळी सातला भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, चांगला गल्लीभर ऐकू जाईल असा. “ए मास्तर! तुमच्या शेवग्याची फांदी आमच्या पत्र्यावर घासतीया. वारं सुटलं की रातभर करकर करकर. झोप हाय का न्हाई माणसाला? आजच्या आज तोड ती!”

अम्मी चुलीपाशी होती. तिनं हातातलं काम टाकलं, पदर सावरला आणि भाच्याला हाक मारली. “कोयता घे, आणि शिडी घे. भाऊ ओरडतायत.” हे सांगताना ती हसत होती.